एक रात्र कमी पडलेली अंबील

नाकावर माझं पोट चालतं. एकतीस वर्षं झाली, आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर मी बसतो. फॅट किती ते मशीन सांगतं, पाणी किती ते लॅक्टोमीटर सांगतो. पण कॅनचं झाकण उघडलं की म्हशीनं काल कडबा खाल्ला की उसाचं वाढं, कॅन राखेनं घासला की पावडरीनं, हे माझं नाक सांगतं. आणि नाकाला कळलेलं तोंडाला लपवता येत नाही, हा माझा जुना रोग. "अभिमन्यूची जीभ खोटं बोलत न्हाई," असं गाव म्हणतं. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते आवडत नाही, पण म्हणतात.

त्यामुळं येळवस आली की माझा भाव वधारतो. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. अंबाजोगाईच्या या अंगाला त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, उभ्या ज्वारीत अंबील शिंपडायची आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. मिश्र भाज्यांची भज्जी असते, बाजरीचे उकडलेले उंडे असतात, गव्हाची खीर असते, पण मान अंबिलीचा. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबू द्यायचं, मग शिजवायचं, रवीनं घोटायचं, गार झालं की वरून परत ताक, लसूण, जिरं, मीठ. सांगायला एवढंच. पण एवढ्याच सामानात प्रत्येक घरची अंबील वेगळी का निघते, हे मला पन्नाशी उलटली तरी पुरतं उमगलेलं नाही. ज्वारी एकाच मातीतली, पाणी एकाच ओढ्याचं, तरी डोळे बांधून प्यायला दिली तर कोणाच्या कोपीत बसलोय ते मी सांगेन.

ओढ्याच्या काठानं आमची पाच शेतं लागून आहेत. येळवसेला मी एकेका कोपीत बसतो, तांब्याभर पितो आणि निकाल देतो. नुसतं "छान हाय" म्हटलं तर कोणी सोडत नाही. काय जमलं, काय हुकलं, गेल्या सालापेक्षा कशी, शेजाऱ्यापेक्षा कशी, सगळं सांगावं लागतं. बाया हातातलं काम तसंच ठेवून ऐकतात.

या पाचांत पहिला नंबर केसरकाकूंचा, तो ठरलेलाच. काकू सत्तरीच्या पुढच्या, आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहतात. त्यांचा मुलगा अजिनाथ आणि सून बबिता दिवाळी झाली की ऊसतोडीला कोल्हापूरकडं जातात ते पाडव्याला परततात. म्हणजे येळवसेला काकू एकट्याच. तरी त्यांच्या रानात कोप उभी राहते आणि पाचही शेतांची माणसं दुपारचं जेवण तिथंच एकत्र करतात, कारण एकट्या बाईच्या रानात येळवस सुनी जाऊ द्यायची नाही. काकूंची अंबील ओठाला लागते तेव्हा नुसती गार लागते. मग आंबट येतं, पण अंगावर येत नाही. लसूण आहे हे कळतं, कुठं आहे ते कळत नाही. आणि घोट खाली उतरला की जिभेच्या मुळाशी ज्वारीची गोडी बराच वेळ राहते. मी ती पिऊन उगीच दोन मिनिटं बोलत नाही, बोललो तर ती गोडी जाईल म्हणून.

याचं निम्मं श्रेय काकूंच्या बिंदग्याला. बिंदगं म्हणजे अंबील ठेवायचं मातीचं भांडं, अरुंद गळ्याचं. काकूंचं त्यांच्या आजेसासूपासूनचं आहे, काळंभोर, काठावर एक टवका उडालेला. त्याला साबण ठाऊक नाही, दरसाल नुसत्या गरम पाण्यानं खंगाळून ठेवतात. इतक्या वर्षांचा आंबटपणा त्या मातीत मुरला आहे.

पण खरी कमाल गेल्या तीन वर्षांतली. तीन वर्षांमागं काकू ओट्यावरून पडल्या आणि उजवा खांदा निखळला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात बसवून आणला, दुखणं थांबलं, पण वयाला हात काही पहिल्यासारखा झाला नाही. आम्हाला वाटलं, संपली आता काकूंची अंबील. तर त्या सालापासून ती आणखी चढली. मी जिथंतिथं सांगत सुटलो की म्हातारीचा हात वयाबरोबर उतरायच्या ऐवजी वर चाललाय.

आणि आमच्या घरी उलटी गंगा. माझी बायको गीता, तिची अंबील एके काळी काकूंच्या मागोमाग असायची, नखभर कमी. तीन वर्षं झाली, घसरली. काय कमी पडतं तेही मला अचूक ठाऊक. पीठ ताकात दोन रात्री मुरायला पाहिजे, आमचं एकच रात्र मुरलेलं असतं. जिभेला लगेच कळतं, आंबट वरवर राहतं, पिठात शिरत नाही. दर येळवसेला मी चारचौघांत सांगायचो, "एक रात्र कमी पडली." एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. वर म्हणायचो, "जरा केसरकाकूकडं बसून शीक." गीता पदर खोचायची आणि पुढच्या माणसाला वाढायला लागायची.

यंदा येळवसेच्या चार दिवस आधी केंद्राच्या कामानं मी अंबाजोगाईला गेलो होतो. गीतानं जिरं आणायला सांगितलं होतं. दुकानात ही गर्दी, पुडी खिशात टाकली आणि आलो. घरी उघडली तर शहाजिरं.

"हे अंबिलीत घालू का बिर्याणी करू?" गीता म्हणाली.

"जिरं ते जिरंच की."

"नाकावर पोट हाय म्हनता आन् पुडीचा वास आला न्हाई?"

परत कोण जाणार, म्हणून तिनं ती पुडी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताकाची कासंडी घेऊन निघाली. आमच्याकडं एक म्हैस. घरात लिटरभर दूध ठेवायचं आणि बाकी सगळं केंद्रावर, हा माझा नियम. केंद्रवाल्यानंच दूध घरात जिरवलं तर गावाला काय तोंड दाखवायचं? त्या लिटरातच चहा आणि त्यातच विरजण, त्यामुळं ताक बेताचंच. तरी ताक मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे आणि गीता ती मोडत नाही.

"काकूला ताक देऊन येते," ती म्हणाली, आणि उन्हं डोक्यावर आल्यावर परत आली.

"कासंडीभर ताक द्यायला एवढी सकाळ?"

"बसले व्हते बोलत."

मी पुढं काही विचारलं नाही. बायकांच्या बोलण्याला लॅक्टोमीटर नसतो, असं काहीतरी म्हणून मीच हसलो.

त्याच दिवशी दिवेलागणीला ती तूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काकू यंदा उसाच्या फडावर चालल्यात. बबिताला लेकरू झालंय, ती मोळ्या बांधायला गेली तर कोन बगनार त्याला? अजिनाथ न्यायला येनार हाय संक्रांतीला."

"मग बिंदगं?"

"मोकळ्या घरात ठिवायचं न्हाई म्हनत्यात. येळवसेला कुनाला तरी देनार. तुमालाच इचारनार हायेत. ज्याची अंबील चांगली, त्याच्या घरी."

मी तिच्याकडं बघितलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. साडी आणली तर नेसते, नाही आणली तर विचारत नाही, अशी बाई. मी विचारलं, "तुला पाहिजे का ते?"

तिचा तुरीत फिरणारा हात थांबला. "पायजे," ती म्हणाली. "लई दिसापासून पायजे." मग सूप झाडून उठली आणि दारातून म्हणाली, "पर माझं नाव घ्यायचं म्हनून घेऊ नका. खरं तेच सांगा."

येळवसेला सकाळी घोंगडी पांघरून, आमचं बिंदगं डोक्यावर घेऊन मी रानात गेलो. ते नेण्याचं काम घरच्या पुरुषाचं. पूजा झाली, ज्वारीत अंबील शिंपडली, आणि गीतानं पहिला तांब्या मला दिला. मी देवाला मनात म्हटलं, आजच्या दिवस मुरलेली निघू दे. घोट घेतला. चव स्वच्छ, मीठ नेमकं, शहाजिऱ्याचा गंध नवा पण गोड. आणि एक रात्र कमी. गीता माझ्या तोंडाकडं बघत होती. मी काही बोललो नाही, आणि माझं न बोलणं तिला कळलं.

तिथून निघालो तो रामहरीच्या रानात. रामहरी अंबाजोगाईला नोकरीला, येळवसेपुरता गावात येतो. त्यानं पाकिटातलं ताक आणून मिक्सरमध्ये अंबील फिरवली होती. दिसायला पांढरीशुभ्र, गाठीचं नाव नाही, आणि चवीलाही कशाचं नाव नाही.

"कशी हाय, तात्या?"

"रामहरी, हे ताक कोणत्या गोठ्यातलं ते त्या ताकालाच ठाऊक न्हाई. पर तू सुट्टी काढून केलीस, त्याचे मार्क देतो."

तो हसला. मनाला लावून घेणारा माणूस नाही तो.

आश्रुबा माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची बायको मंगल पीठ मुद्दाम जाडं दळते. तिची अंबील पिता पिता थोडी चावावी लागते. तळाशी ज्वारीच्या कण्या बसतात, त्या बोटानं पुसून खायच्या. लसूण ठेचून नाही, भाजून घालते, म्हणून धुराचा एक हलका वास येतो. नांगरट करून आलेल्या माणसाची अंबील आहे ती. एक तांब्या प्याला की दुपारपर्यंत भूक नको. मी म्हटलं, "मंगलवहिनी, गेल्या सालापेक्षा मीठ बोटभर कमी केलंत, लई चांगलं केलंत." आश्रुबा म्हणाला, "कावून बे, मीठ तिनं कमी केलं, आन् बीपीची गोळी मी खातो, त्याचं कौतुक कोन करनार?"

मग सिदूचं रान. सिदूच्या घरी शेळ्या-मेंढ्या, वर्षातले सहा महिने तो कळपामागं डोंगरात. त्याची बायको कडूबाई गाईचं आणि शेळीचं दूध एकत्र विरजते. त्या अंबिलीला एक रानाचा उग्रपणा असतो. पहिल्या घोटाला माणूस दचकतो, दुसऱ्याला सावरतो, आणि तिसऱ्याला आणखी मागतो. यंदा तिनं पूर्ण दोन रात्री मुरवली होती. आंबट पिठात खोल शिरलेलं, वर हिरव्या मिरचीची धग, आणि सगळ्याच्या खाली शेळीच्या दुधाची खारट गोडी. मी तीन तांबे प्यालो. कडूबाई चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "बोला की, भाऊ." मी म्हटलं, "काकूंच्या खालोखाल. नखाएवढी कमी." तिनं पदर तोंडाला लावला. सिदू म्हणाला, "आता वरीसभर हिच्याशी बोलायची सोय राह्यली न्हाई."

दुपारी सगळे केसरकाकूंच्या कोपीत जमलो. कोप आश्रुबानं आणि सिदूनं उभी करून दिली होती. काकू पांडवांपाशी मांडी घालून बसल्या होत्या, शेजारी ते काळं बिंदगं. काकूंनी डाव्या हातानं तांब्या भरला आणि डाव्याच हातानं मला दिला.

मी प्यालो. आधी गार, मग आंबट, मग लसणाची चाहूल. आणि यंदा त्यात एक नवा गंध होता, शहाजिऱ्याचा. आमच्या पुडीतलं दिसतंय, ताक द्यायला गेली तेव्हा गीतानंच दिलं असणार, असं माझ्या मनात आलं. आणि त्याच शहाजिऱ्याचं काकूंच्या हातून काय सोनं झालंय, हेही मनात आलं. मग गोडी आली. मी डोळे मिटून बसून राहिलो. इतकी सुरेख अंबील मी उभ्या जन्मात प्यालो नव्हतो, आणि हे मी डोळे उघडून तसंच सांगितलं.

काकू म्हणाल्या, "बरं झालं. आता हे बिंदगं कुनाला देऊ ते सांग. मी चालले फडावर, लेकराकडं. परत आले तर आले. तुझी जीभ खोटं बोलत न्हाई, तू म्हनशील तिला देते."

गीता पलीकडं बसून भज्जी वाढत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मला तेव्हा खरंच वाटलं की एकदा, फक्त एकदा खोटं बोलावं. कोणाचं काय बिघडणार होतं? पण तीच म्हणाली होती, खरं तेच सांगा. शिवाय, आता कबूल करतो, मला माझ्या खरेपणाची मिजास होती. बायकोच्या नावाला बगल देऊन खरं बोलणारा माणूस म्हणून गाव माझ्याकडं बघणार, हेही मला आतून आवडत होतं.

"कडूबाईला द्या," मी म्हणालो. "यंदा तुमच्या खालोखाल तिचीच."

गीताचा हात थांबला नाही. तिनं रामहरीच्या पानात भज्जी वाढली, मग आश्रुबाच्या. पण भज्जीत दाण्याचं कूट असतं आणि आश्रुबाला ते सोसत नाही, हे तिला वीस वर्षं ठाऊक आहे, तरी वाढली. आश्रुबानंही मुकाट्यानं पान पुढं केलं.

काकूंनी तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं, तुझं तूच वळखशील. मला सांगायची येळ येनार न्हाई."

"काय ओळखायचं, काकू?"

"आत्ता पिलास ती कुनाच्या हातची?"

"तुमच्या."

काकूंनी उजवा हात उचलायला घेतला. तो छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. "ह्या हातानं? पंधरा शेर अंबील घोटली मी, ह्या हातानं?"

गीता पलीकडून मान हलवत होती, नको म्हणून.

"ऱ्हाऊ दे गं," काकू म्हणाल्या. "ताकाला जाऊन भांडं किती दिस लपवायचं?" आणि मग सगळ्यांकडं वळून त्यांनी सांगितलं. खांदा गेला त्या साली त्या चुलीपुढं रडत बसल्या होत्या. रानात शिंपडायची अंबील घरच्याच हातची लागते, अशी आमच्याकडं समजूत, आणि घरचा हात तर कोल्हापूरकडं ऊस तोडत होता. गीता ताक द्यायला गेली होती. तिनं दार लोटून घेतलं, पीठ भिजवलं, आणि म्हणाली, काकू, तुम्ही बसून सांगा, मी करते. "मी नुसतं सांगत गेले. कंदी मीठ टाकायचं, घोटताना रवी कशी वळवायची. तीन वर्सं ह्या बिंदग्यातली अंबील तिची हाय. मी कुनाला बोलले न्हाई, कारन मला लाज वाटत व्हती. ती बोलली न्हाई, कारन मी नको म्हनले व्हते."

रीत मोडली होती, आणि ती मोडल्याचं काकूंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. आधी बोलली ती कडूबाईच. "तीन वर्सं तुमचं रान पिकलं का न्हाई? मग पांडवाला चाललं तर आपल्याला कावून चालू नये? बिंदगं गीतावैनीचं हाय. मला माझं बरं हाय."

आश्रुबा माझ्याकडं वळला. "काखेत कळसा आन् गावाला वळसा, बे. एकतीस वर्सं नाक घेऊन बसलाय."

लोक हसले. मी हसलो नाही. मी हिशेब लावत होतो, ताकाचा. माझ्या घरात लिटरातलं चहाला वगळून उरेल तेवढ्याच दुधाचं विरजण लागतं. त्याचं ताक दिवसाला एका बिंदग्यापुरतं होतं, दोहोंपुरतं होत नाही. पहिल्या दिवसाचं ताक गीता काकूंच्या पिठात घालून येत होती. दुसऱ्या दिवसाचं आमच्या. काकूंची दोन रात्री मुरायची, आमची एक. तीन वर्षं मी ती कमी पडलेली रात्र जिभेवर बरोबर पकडत होतो, गावाला सांगत होतो, आणि ती गेली कुठं हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि लिटरभराचा नियम कोणाचा होता, हे सांगायला तिथं कोणाची गरज नव्हती.

काकूंनी डाव्या हातानं बिंदगं गीताकडं सरकवलं. गीतानं काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि कडूबाईनं तिला हात धरून उठवलं. मला माझ्या बायकोचा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता, आणि माझी इतकी लाजही.

उन्हं कलल्यावर घरी निघालो. आमचं बिंदगं गीताच्या कडेवर, काकूंचं माझ्या डोक्यावर. बाजूला करडई उभी होती, तिचे काटे धोतराला लागत होते. मी म्हणालो, "तीन वर्षं मी तुला चारचौघांत म्हणत होतो, केसरकाकूकडं बसून शीक."

"बसतच व्हते की," गीता म्हणाली.

"अगं, पण एकदा तरी सांगायचंस."

"काकूला शब्द दिला व्हता. आन् खरं सांगू? तुमी डोळं मिटून पीत व्हतात ना काकूच्या कोपीत, ते बगायला मला आवडायचं. आपल्या कोपीत तुमी कंदीच डोळं मिटलं न्हाईत."

माझ्या डोक्यावर बिंदगं होतं म्हणून बरं, मान खाली घालता आली नाही. ओढा ओलांडताना तिनं मला आधाराला हात दिला. पलीकडं चढून आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आता सांगा. आपली कशी व्हती यंदा?"

"आपली म्हणजे?"

"आपल्या बिंदग्यातली. सकाळी पिलात आन् गप बसलात."

बऱ्याच वर्षांनी तिनं मला हे विचारलं होतं. माझी जीभ खोटं बोलत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"एक रात्र कमी पडली," मी म्हणालो. "ती मी केंद्रावर घातली."

माझ्या खांद्यावरून घसरलेली घोंगडी तिनं एका हातानं वर ओढून दिली.

"नीट धरा," म्हणाली. "हळू चला. फुटंल."